साडेचौतीस रुपयांची ज्वारी

निजामाचं फसली साल तेराशे पंचेचाळीस, खुर्दादची चार तारीख, म्हणजे ऐन उन्हाळा. रक्कम वीस रुपये हाली, निजामाच्या नाण्यात. हजर: मी, माझी बायको काशीबाई आणि गावचे गुंडप्पा मास्तर. त्या दिवशी आमच्या ओसरीवर मी मास्तरांना बुडवायचा मुहूर्त केला.

सरकारनं हुकूम काढला होता. मास्तरानं कच्च्या पोरांची शाळा सुटल्यावर शिकवणी घ्यावी. हिशेबाच्या तोंडी परीक्षेत पास होईल त्या दर पोरामागं दोन रुपये इनाम. कच्ची पोरं दहा. (त्यांत आमचा बसू पहिला!) त्या वीस रुपयांत मास्तरांच्या घरावर पत्रे पडणार होते, आणि पत्रे पडल्याशिवाय त्यांची बायको माहेराहून येणार नव्हती.

"मृगाच्या आत झालं पाहिजे, अण्णा," मास्तर म्हणाले.

"पोरांना हिशेब मी शिकवतो, माझ्यावर सोडा!" मी म्हणालो. भालकीच्या बाजारात वीस वर्षं माझी धान्याची अडत. पैची चूक नाही.

"पोरं शिकवणं म्हंजे ज्वारी मोजणं न्हाई," काशीबाई म्हणाली.

मी ज्वारीच मोजायला शिकवली. महिनाभर, रोज, पोत्यांवर बसवून.

परीक्षेला बीदरहून साहेब आले. "बारा पोती ज्वारी, तीन रुपये पोतं. कितने हुए?"

बसू उठला. "कडता धरून का सोडून, साहेब?"

"क्या?"

"बारदान, नमुना, धर्मादाय, पोत्यामागं दोन आणे वजा. साडेचौतीस!"

"छत्तीस!"

"छत्तीस कोण द्यायलंय, साहेब? बाजारात विचारून बघा की!"

दुसऱ्याला विचारलं. साडेचौतीस. तिसरा, साडेचौतीस! (सगळ्यांचा हिशेब बिनचूक. मला तर अभिमानच वाटत होता.) नऊ पोरं नापास. न्हाव्याचा मल्लू तेवढा छत्तीस म्हणाला. तो महिनाभर तापानं पडला होता, माझ्या शिकवणीला एकदाही आला नव्हता.

मास्तर भिंतीला टेकले. "आता बायकोला काय लिहू, अण्णा?"

मी घरची वाट धरली.

"कामून गप बसलाव?" घरी काशीबाई म्हणाली. "नऊ पोरं तुम्ही बुडवलाव. काढा अठरा रुपये!"

काढले. सरकारनं मास्तरांना दोन दिले, मी अठरा. पत्रे पडले, बायको आली. शिवाय काशीबाईनं बसूबरोबर मलाही मास्तरांच्या शिकवणीला बसवलं, महिना आठ आणे फी. सहा महिन्यांनी बसू पास झाला. माझी फी चालूच राहिली.