वाघाचं ब्लँकेट आणि आईची वाकळ

वाकळ उचलली तर तिच्यासोबत खालची सतरंजीही उठली. दुपारभर मान मोडून मी दोन्ही एकत्र शिवल्या होत्या. बायको चुलीपुढं भाकरी थापत होती. हसली नाही, हे तिचे उपकार.

"असू द्या," म्हणाली, "सतरंजीला बी थंडी वाजत असंल."

सुई माझ्या हातात होती, पण शिवत होता तो राग.

आई काही महिने उमरग्याला धाकट्या भावाकडं असते, थंडीत आमच्याकडं, लोहाऱ्याजवळ. एसटीतून उतरताना दर खेपेला तिच्या काखेत ही वाकळ असते. आत वडिलांची धोतरं, वर तिची लुगडी, टाका अन् टाका तिच्या हातचा. या खेपेला मात्र ती प्लास्टिकची पिशवी घेऊन उतरली. पिशवीत नवंकोरं ब्लँकेट, त्यावर जबडा वासलेला वाघ. वाकळ नंतर भावानं एका जीपवाल्याच्या हाती पाठवली, तीही मी फोनवर आवाज चढवल्यावर. उलगडली तर ऑइलचे काळे डाग आणि मधोमध डोकं जाईल एवढं भोक. भावानं ती ट्रॅक्टरच्या इंजिनावर झाकली होती!

मी पुन्हा फोन लावला. "आरं, आईची वाकळ ट्रॅक्टरवर?"

"दादा, चिंध्या झाल्यात तिच्या. नवं ब्लँकेट दिलंय की."

"मग ते टाकायचं ट्रॅक्टरवर!"

"नवं कोण टाकतंय ट्रॅक्टरवर?"

भांडणात मला कधीच सुचत नाही. दुसऱ्या दिवशी म्हशीला पाणी दाखवताना सुचतं, आणि सगळं बिचाऱ्या म्हशीला ऐकून घ्यावं लागतं.

आई भांडली नाही. वाघ पांघरून रात्रभर कूस बदलत राहिली. सकाळी म्हणाली, "ह्या वाघाला वजनच न्हाय रं. अंगावर कुणी हाय असं वाटतच न्हाय."

माझं डोकंच फिरलं. बायको म्हणत होती, तुरीची मळणी-रास होऊ द्या, मी शिवते. पण थांबतो कोण! घेतली सुई, आणि सतरंजीचं ते तसं झालं.

दुसऱ्या सकाळी सतरंजी उसवून पुन्हा बसलो. भोकावर जुन्या लुगड्याचं ठिगळ लावलं. मग काठापासून फिरत फिरत आत यायचं, हे आईचं बघितलेलं होतं. एका टाक्याला भावाला एक शिवी, आणि दोरा करकचून ओढायचा. शिव्या संपल्या तेव्हा वाकळही संपली.

दिवेलागणीला मोठ्या ऐटीत ती आईच्या अंगावर घातली. आईनं तिच्यावरून हात फिरवला. "हां, आता कसं!" म्हणाली आणि डोळे मिटले. पण पावलं उघडीच. मी वाकळ खाली ओढली तर खांदे उघडे. वाकळ चांगली हातभर आखडली होती. आईनं पाय पोटाशी घेतले.

ते बघून माझा पुन्हा भडका उडाला. "बघ! आखूड केली ना त्या ट्रॅक्टरनं!"

बायकोनं काठ चिमटीत धरून बघितला.

"ट्रॅक्टरनं न्हाय, तुमी केली. टाके बघा, कसे आवळून ठिवल्यात. आधी भावजींना फोन लावून पोटभर भांडून घ्या, मग हे उसवा आन मोकळ्या हातानं शिवा. तुमच्या रागापायी आत्याबाईंचे पाय कशाला गारठवता?"