माझं खातं, बाबांचा फोन

नवा फोन घेतला तेव्हा जुना बाबांना दिला. जुन्यातून माझं खातं काढायला हवं होतं, ते आळसात राहिलं. त्यामुळे धसईजवळच्या आमच्या गावात बाबा जो फोटो काढत, तो क्लाउडवर चढून भातसानगरला, धरणाच्या वसाहतीत, माझ्या फोनात उतरायचा. बाबांना याचा पत्ता नव्हता. मीही सांगितलं नाही. फोनवर आम्हा बापलेकांचं बोलणं म्हणजे "बरा हायस?" "बरा. तुम्ही?" "बराच." फोटोंतून निदान काहीतरी कळायचं.

बहुतेक फोटो अंगठ्याचे. वांगी, शेजारची म्हैस, पुन्हा अंगठा. मग एक दिवस कौलं आली. कौलांवर बाबांचे दोन पाय आणि पार खाली आमचं अंगण. लगेच फोन लावला.

"या वयात छपरावर कशाला चढता?"

बाबांनी उलट विचारलं, "कोनी सांगितला तुला?"

"कळलं."

पुढच्या बाजाराच्या दिवशी जिलबीचा फोटो आला. बाबांना साखर आहे आणि पुडकं चांगलं भरलेलं होतं. मी पुन्हा ओरडलो, त्यांनी पुन्हा तेच विचारलं. दोन्ही वेळा त्यांच्यासोबत एकच माणूस होता, शेजारचे काका. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. आई गेल्यापासून दोन्ही वेळचा चहा ते बाबांसोबत आमच्या ओटीवर घेत. शिडी त्यांनी धरली होती, अर्धी जिलबीही त्यांनीच खाल्ली होती. बाबांनी त्यांना चहाडखोर ठरवलं आणि बोलणं टाकलं.

काकांचा मला फोन आला. "मी तुला कव्हा काय बोललो? सांग ना रे त्याला!" सांगतो, म्हणालो. पण सांगायचं तर फोटोंचं सगळंच सांगावं लागलं असतं, आणि मग फोटो बंद. मी दिवस ढकलत राहिलो.

त्याच सुमारास मलाही साखर निघाली. कागद हरवतात म्हणून रिपोर्टचा फोटो काढून ठेवला. घरी सांगायचं काही कारण नव्हतं. उगाच त्यांच्या डोक्याला ताप.

त्यानंतर बाबांचे फोटो बदलले. अंगठा गेला. ओटीच्या कडेला बाबा एकटे, समोर एकच कप, नजर रस्त्याकडे. दुसऱ्या दिवशी तसाच फोटो, मान खाली. तिसरा आला तेव्हा मी भरलं ताट बाजूला सारलं. आईनंतर त्यांना एक सोबती उरला होता, तोही माझ्यापायी गेला.

रविवारी शहापूर गाठलं, तिथून मुरबाड. धसईची एसटी लागेपर्यंत स्टँडवर उभा राहून माफीचं भाषण तयार केलं. दिवाळीनंतर पहिल्यांदाच गावी चाललो होतो.

ओटीवर बाबा आणि काका बसले होते. मध्ये दोन कप.

"आला बघ," काका म्हणाले.

"तुमचं भांडण?"

"ते मिटला कव्हाच," बाबा म्हणाले.

"मग ते एकट्याचे फोटो?"

"मी काढले," काका म्हणाले. "एकट्या मानसाचा फोटो कोन काढतो रे? एवढा पन नाय आला डोक्यात?"

मला असा राग आला! मी तिकडे उपाशी झोपतोय आणि इथे या दोघा म्हाताऱ्यांची नाटकं चाललीत. तसं मी बोलूनही दाखवलं, जरा मोठ्यानेच.

बाबांनी फोन माझ्यासमोर धरला. त्यात माझा रिपोर्ट होता. खाली माझा वडापाव, माझी खोली, तिच्यातला पसारा. खातं एकच, तिकडचं इकडे येतं तर इकडचंही तिकडे जाणार, हे धरणावरच्या नोकरीत रोज पाण्याची आवक-जावक मोजूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. रिपोर्टातली इंग्रजी अक्षरं लागेनात म्हणून बाबा अबोला मोडून काकांच्या दारात गेले होते. काकांनी वर माझं नाव वाचलं आणि दोघांना सगळाच उलगडा झाला.

"मग मला फोन करायचा," मी म्हणालो.

"फोनवर तू बराच असतोस," बाबा म्हणाले. "रिपोर्ट आला. तू काय आला नाय."

मग त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "वाळलास," म्हणाले.

माझे डोळे भरले. चप्पल काढायच्या निमित्ताने मी वाकलो आणि जरा वेळ तसाच राहिलो.

चहा आला, तिघांचाही बिनसाखरेचा. काकांना साखर नाही, पण त्यांनीही निमूट प्यायला. शेवटची गाडी मी जाऊ दिली. रात्री जेवताना म्हटलं, "फोन द्या, माझं खातं काढून टाकतो."

बाबांनी फोन उचलून खिशात घातला. "हात लावायचा नाय," म्हणाले, आणि माझ्या ताटातला भात थोडा कमी केला.