खांद्यावर पडलेला हात

मृणालिनी देशकर एडमंटनमध्येच वाढली. वडील नागपूरहून आलेले इंजिनिअर. घरात सगळ्यांचा विरोध असताना ती कॅनडाच्या सैन्यात ट्रक चालवायला गेली. २००६ साली कंदाहारजवळ तिच्या पुढच्या गाडीखाली स्फोट झाला. तिला साधं खरचटलंही नाही, पण डावा कान गेला आणि उजव्यात कायमची शिट्टी राहिली. परत आल्यावर सैन्य सोडावं लागलं. कानांच्या दुखापतीच्या भरपाईचा दावा सरकारने फारशी खळखळ न करता मंजूर केला.

भीती त्यानंतर सुरू झाली. मागचं ऐकू येत नाही म्हणून ती सारखी मागे वळून बघायची. आंघोळीला गेली तरी वॉशरूमचं दार उघडं ठेवायची. तिची चार वर्षांची मुलगी केया शेजारच्या खोलीत खेळत असली, तरी हिचा जीव थाऱ्यावर नसायचा.

एका हिवाळ्यात ती केयाला घेऊन ग्रोसरीला गेली. ती कोथिंबीर निवडत असताना केया दाराकडे निघाली. बाहेर बर्फ आणि मागे-पुढे होणाऱ्या गाड्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ते पाहिलं. त्यांनी मृणालिनीला हाका मारल्या, तिला ऐकू आल्या नाहीत. म्हणून त्यांनी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. पुढचं तिला आठवत नाही. भानावर आली तेव्हा ते फरशीवर आडवे होते आणि तिचा गुडघा त्यांच्या छातीवर होता. दाराशी केया उभी होती. ती "मॉमी, स्टॉप" म्हणतेय, हे ओठांवरून कळलं.

गृहस्थ भले होते. त्यांनी पोलिसांना बोलावू दिलं नाही. पण मृणालिनी गाडीत बसली आणि मागच्या सीटवरच्या केयाकडे आरशातून बघत राहिली. उद्या केयानेच मागून येऊन मिठी मारली तर?

माजी सैनिकांना दावे भरायला मदत करणारा गॉर्डन नावाचा निवृत्त सार्जंट होता. ती त्याच्याकडे गेली.

"तुझे कान आधीच मान्य झालेत," तो म्हणाला. "हा भीतीचा आजार कानांमुळे आला, एवढंच आपल्याला दाखवायचंय."

"आणि हे वाचून सरकारने माझी मुलगी काढून नेली तर?"

"उपचार मागायला आलेल्या आईची मुलगी नेलेली मी तरी पाहिली नाही."

तिची आई, शुभदाताई, ऐकायला तयार नव्हत्या. "कानांचं ठीक आहे गं. हे कशाला सरकारला सांगायचं? एकदा शिक्का बसला की बसला."

तरी तिने अप्लाय केलं. मानसोपचारतज्ज्ञासमोर दुकानातला तो दिवस पुन्हा सांगितला. काही महिन्यांनी नकार आला: कानांचा आणि या आजाराचा संबंध सिद्ध होत नाही. आतलं सगळं उघडं करून दाखवलं, आणि बघणाऱ्यांनी नकारार्थी मान हलवली. ती बेसमेंटमध्ये जाऊन बसली ती वर येईना. देवेश, तिचा नवरा, जेवण खाली नेऊन द्यायचा.

गॉर्डनने फेरसुनावणी मागितली. कोणीतरी घरचं बोललं तर बरं, असं तो म्हणाला, आणि लेकीची ही दशा पाहिलेल्या शुभदाताई म्हणाल्या, "मी येते."

फेरसुनावणी घेणाऱ्या मंडळापुढे त्या आपल्या नागपुरी वळणाच्या इंग्रजीत बोलल्या. "ही सैन्यातून आली तेव्हा हसायची. ऐकू येत नाही म्हणून चिडायची, पण हसायची. मग मी हाक मारली की दचकायला लागली. आता मी हिच्या घरी गेले की समोरून जाते, हात वर करून. माझ्या मुलीला माझी भीती वाटते." एवढं बोलून त्यांनी पदराने तोंड पुसलं. मृणालिनी टेबलाकडे बघत राहिली. आईने हे सगळं पाहिलं होतं, हे तिला माहीतच नव्हतं.

दावा मान्य झाला. उपचारांची सोय झाली. आनंद व्हायला हवा होता, पण तिला आधी धडकीच भरली. सरकारनेच मान्य केलं, म्हणजे आता हा आजार खरंच होता. पहिल्या भेटीला ती दवाखान्याच्या पार्किंगमधूनच परत फिरली. पुढच्या आठवड्यात आईला शेजारी बसवून गेली. बराच वेळ दोघी गाडीत बसून होत्या. मग मृणालिनीने गाडीचं दार उघडलं.