डाव्या बाजूचे पॅड

माझी आत्या आठवडाभर चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायची आणि शनिवार-रविवारी एका हॉटेलच्या बँडमध्ये ड्रम वाजवायची. सलग बावीस वर्षं. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "माझा संसार ड्रमच्या तिपाईवर उभा आहे, त्यात नवरा कुठे मावणार?" हसायचं की नाही, ते समोरच्याने ठरवायचं.

पन्नाशीला आली तेव्हा एकदा ऐन गाण्यात तिच्या डाव्या हातातून काठी निसटली आणि पुढच्या टेबलावरच्या पाण्याच्या जगमध्ये पडली. लोकांना वाटलं, ही गंमत आहे. टाळ्या पडल्या. तिनेही मान लववली. पुढच्या आठवड्यात पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही.

डॉक्टरांनी हातात सुया टोचून तपासण्या केल्या आणि सांगितलं, "स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा वाळत चालल्यात. औषधाने वेग कमी होईल, पण थांबणार नाही."

"फक्त डावाच ना?" आत्याने विचारलं. डॉक्टर कागदावर लिहीत राहिले. तिने पुन्हा विचारलं नाही.

मला तिच्याच शहरात नोकरी लागली होती, म्हणून मी तिच्याकडे राहायचे. तिने बँड सोडला आणि घरात इलेक्ट्रॉनिक ड्रमकिट आणलं. लोखंडी पाइपांच्या चौकटीवर चार रबरी पॅड, तीन प्लॅस्टिकच्या झांजा, आणि सगळ्यांच्या वायरी जिथे जातात ती पुस्तकाएवढी पेटी. काठी पडली की आवाज त्या पेटीतून निघतो, तोही हेडफोन लावणाऱ्यालाच ऐकू येतो. आम्हाला नुसती थपथप. बाबा भेटायला आले तेव्हा म्हणाले, "पूर्वी ही वाजवायला बसली की गल्ली गोळा व्हायची. आता मांजरही कूस बदलत नाही."

"घरोघरी मातीच्या चुली, दादा. माझ्याकडे रबराच्या," आत्या म्हणाली.

काही महिन्यांत तिचा डावा खांदा वर जाईना. डावीकडची उंच झांज गाठता येईना. तिने एक छोटा पॅड विकत आणला, गुडघ्याजवळ पाइपला आवळला आणि पेटीत त्या झांजेचा आवाज त्याच्यावर चढवला. "हात झांजेकडे जात नाही ना? मग झांज हाताकडे येईल." मग मनगट वळेनासं झालं, तेव्हा आणखी एक पॅड. तो मांडीच्या इतका जवळ, की काठी फक्त टेकवायची. मग डाव्या पायाखाली एक. पेटीतल्या जागा संपल्या, तर वाद्यांच्या दुकानदाराने एकाच भोकात दोन पॅड जोडणारी वायर आणून दिली. सोफा पॅसेजमध्ये गेला. स्वयंपाकघरात जायचं तर मला वायरी ओलांडत, बगळ्यासारखे पाय उचलत जावं लागे. बारा पॅड-झांजा झाल्या तेव्हा तिने मोजायचं सोडून दिलं.

एक गोष्ट मात्र ती रोज करायची. पॅड किती हलक्या स्पर्शाला वाजावा, हे पेटीत आकड्यांनी ठरवता येतं. डाव्या बाजूचे आकडे ती हळूहळू वर नेत होती, म्हणजे हलक्यातला हलका स्पर्शही ऐकू यावा.

एका संध्याकाळी मी कामावरून आले, तर तिने दारातच हाक मारली. "चप्पल राहू दे. हे ऐक आधी!" माझ्या कानाला हेडफोन लावून ती वाजवायला लागली. उजव्या हाताच्या ठेक्यात डावीकडची झांज खणखणीत पडत होती. "ऐकलंस? आलाय हात! डॉक्टरांना म्हणावं, चष्मा बदला, काच मी घासून देते!"

मी तिच्या हाताकडे पाहिलं. चिकटपट्टीने बोटांना बांधलेली काठी पॅडवर टेकून पडली होती. ती उचललीच जात नव्हती. मला लगेच कळलं, आणि मी म्हटलं, "मस्त."

आठ दिवस ती वेगळीच बाई होती. बँडमधल्या तिच्या जुन्या कीबोर्डवाल्याला तिने रविवारी ऐकायला बोलावलं. डावीकडे आणखी एक मोठी झांज मागवली. ती बसवायला दुकानदार शनिवारी आला. स्क्रू आवळून झाल्यावर त्याने हेडफोन लावले, पाइपवर पान्हा टकटकवला आणि हसला.

"बाई, आकडे फार वर गेलेत. तुम्ही उजवीकडे मारता, पाइप हादरतो आणि डावीकडचे पॅड आपोआप बोलतात. भूत शिरल्यासारखे! सरळ करून देऊ?"

आत्याने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "द्या."

त्याने आकडे खाली आणले. ती हेडफोन लावून स्टुलावर बसली. उजवीकडे वाजवलं. मग डावीकडे खांदा पुढे ढकलून प्रयत्न केला. थांबली. पुन्हा केला. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"जरा जोरात मारा, बाई," दुकानदार मनापासून म्हणाला.

मी त्याला दारापर्यंत सोडून आले. आत्या तशीच बसली होती.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

मी पायाशी आलेली वायर बाजूला केली. ती म्हणाली, "मी कीबोर्डवाल्याला उद्या बोलावलंय गं," आणि काठीची चिकटपट्टी दातांनी सोडवू लागली. मी पुढे झाले, तर तिने हात मागे घेतला.

कीबोर्डवाला आला. किट दुरुस्तीला काढलंय, असं तिने सांगितलं. चहा झाला. नवा ड्रमर कसा आहे, असं तिने विचारलं. "चांगला आहे," तो म्हणाला. मग तिचा चेहरा बघून घाईने पुढे बोलला, "तुझ्यासारखा नाही." तिने मान हलवली. कपबशी उचलायला त्यानेच मदत केली. तो पुन्हा कधी आला नाही.

पावणेदोन वर्षांनी तिच्या उजव्या अंगठ्यातलं बळ गेलं, मग त्या हाताचंच. तोवर एका हाताने होणारं काम देत आलेल्या कारखान्याने तिला निरोप दिला. मी तिला भरवायला लागले. डोकं वर-खाली करता येणारा पलंग आणायचा ठरला आणि तो ठेवायला घरात दुसरी जागा नव्हती. किट सोडवायला दुकानदार आला तेव्हा आत्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. एकेक पाइप निघताना खणखणत होता.

"दार लावतेस का?" ती म्हणाली.

मी लावलं.