रामलालच्या घरची बिनदुधाची कुल्फी

कुडवा गावच्या सुखवंताबाईंच्या गोठ्यात चार म्हशी, आणि नात रिंकीला दूध पचत नाही. घोटभर पोटात गेलं की पोर पोट धरून लोळते. देवाचा नेम कुठं चुकला ते गल्लीत कुणाला कळलं नाही. चर्चा मात्र सगळ्यांनी केली.

कुल्फीवाल्याची घंटी वाजली की रिंकी घरात जाऊन दार लावायची. सुखवंताबाईंना ते बघवेना. उद्या रिंकीच्या वाढदिवसाला सगळ्या पोरींसोबत तीही कुल्फी खाईल, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. शेंगदाणे भिजवले, वाटले, फडक्यातून पिळले. त्यात भाताची घट्ट पेज, साखर, आंब्याचा रस.

नवरा रामलाल खाटेवरून बघत होता. जन्मभर दूध विकलेला माणूस.

"काय करून राहिली वो?"

"शेंगदाण्याचं दूध."

"शेंगदाण्याले थान रायते का?"

"तुमच्या दुधातल्या पाण्याले कोणते थान होते?"

रामलालनं कूस बदलली.

पण जीव काही थाऱ्यावर येईना. दूधवाल्याच्या घरी पेजेची कुल्फी म्हणजे गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही. सुखवंताबाई पेले मागायला शेजारी मंदाबाईंकडं गेल्या, तेवढ्यात, एवढ्यानं काय होते म्हणत, त्यानं तांब्याभर दूध पातेल्यात ओतलं. दुधात पाणी घालताना त्यानं कधी मागं वळून बघितलं नव्हतं. पाण्यात दूध घालताना दोनदा बघितलं, असं मंदाबाई सांगतात. त्यांची खिडकी तिकडंच उघडते.

सुखवंताबाई परतल्या, तर पातेलं बोटभर वर आलेलं.

"कायले टाकलं?"

"घट्ट व्हाले पायजे ना."

"तुमच्या दुधानं?"

"आज पानी नवतं टाकलं," रामलाल खाली बघून म्हणाला. "रिंकीसाठी होतं."

सुखवंताबाईंनी पातेलं बाजूला सारलं, नवे शेंगदाणे भिजत घातले आणि संध्याकाळी अंगणात पाटा मांडून वरवंटा त्याच्या हातात दिला. मिक्सर चांगला चालू होता. गल्ली बघायला जमली.

दुसऱ्या दिवशी रिंकीनं दोन कुल्फ्या खाल्ल्या. पोरी खेळायला लागल्या. रामलाल खाट ओढून तिच्या मागं मागं.

"पोट दुखते का माय?"

"नाही आबा."

थोड्या वेळानं पुन्हा, "दुखते का?"

"नाही."

मग पुन्हा.

"पोट नाही दुखत आबा. आता कान दुखून राहिले."

तेव्हा कुठं रामलाल उठला. धार काढायची वेळ टळून गेली होती, म्हशी केव्हाच्या हंबरत होत्या.