चौकटीवरची पिवळी पोटली

लेक गेल्यानंतर मला एका प्रश्नाची फार धास्ती बसली होती. बाजारात, विहिरीवर, चर्चच्या ओट्यावर कुणी नवखी बाई भेटली की इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर विचारायचीच, "लेकरं किती?" मी "नाहीत" म्हणून मोकळी व्हायची आणि मग घरी येऊन दिवसभर कुणाशी बोलायची नाही. आमची एकुलती एक पोर नाताळच्या तोंडावर तापाने गेली होती. तिच्या परकरासाठी आणलेले पिवळे कापड घडीही न मोडता पेटीत पडून होते. यजमान जायचे म्हणून मीही उपासनेला जायची, डोळे मिटायची, पण ओठांवर शब्द यायचा नाही. साध्या भाषेत सांगायचे तर प्रभूशी मी अबोला धरला होता.

त्या पावसाळ्यात पेढी नदीला पूर आला आणि वलगावच्या काठावरची माळ्यांची कितीतरी घरे बसली. सरकारी मदतीचा हुकूम नागपूरहून यायचा, तो येईल तेव्हा येईल. ज्यांच्या घरात बांधायला पुरुषमाणूस उरला नाही, त्यांची घरे पाऊस सरल्यावर आपण उभी करायची असे अमरावतीच्या आमच्या चर्चच्या मंडळीने ठरवले. यजमान सुतार, त्यामुळे दारे-चौकटी त्यांच्याकडे आल्या. मला त्यांनी आग्रह केला नाही. फक्त निघताना बैलबंडीत माझ्यासाठी गोणपाट अंथरून ठेवले. न जाण्यासाठी भांडावे लागले असते, आणि भांडायचे बळ माझ्यात नव्हते, म्हणून मी गेले.

आमच्या वाट्याला आलेले घर एका म्हाताऱ्या माळणीचे होते. पुराच्या दिवशी भिंत अंगावर येऊन तिचा मुलगा तिथेच गेला होता. मागे राहिली ती आणि तिची सून. सुनेचे दिवस भरत आले होते, आणि दोघी पारावर पोती बांधून त्याच्या आडोशाला राहत होत्या. आम्ही माती तुडवायचो, टोपल्या वाहायचो, आणि आजी समोर बसून पाहत असायची. तहान लागली तरी आमच्या मडक्यातले पाणी मात्र घ्यायची नाही. आमच्या हातची भिंत हिला चालते, पाणी चालत नाही, असे मी मनात म्हटले आणि ते धरूनही ठेवले. तेव्हा मी कशावरही रुसायला तयारच असायची.

मार्गशीर्षातल्या थंडीत घराच्या छपरावर मातीचे कवेलू चढले. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि म्हणाले, "आजी, चला घरात." आजी जागची हलली नाही.

"घर चांगलं बांधलं तुमी," ती म्हणाली. "पन चौकट मुकीच बसवली. हयद नाई, कुकू नाई, पोटली नाई. माह्या पोराले या जागेनं खाल्लं. आता पोटातलं लेकरू मी कशी आत नेऊ?"

आमच्या वाडवडिलांच्या काळातच या गोष्टी आमच्यातून सुटल्या होत्या. चौकट उभी करताना यजमानांनी ओळंबा धरला, पाळकसाहेबांनी वचन वाचले, आमच्या लेखी सगळे झाले. इथे चौकटीला सवाष्णीने हळदकुंकू लावायचे असते, कोऱ्या कापडात तांदूळ-सुपारी बांधून वर पोटली टांगायची असते, हे कुणाच्या ध्यानातच आले नाही. आता करायचे म्हटले तर सासू-सून दोघी विधवा, आणि गावच्या सवाष्णी त्या जागेच्या उंबऱ्याशी यायला धजेनात. सून कमरेवर हात ठेवून बाहेरच्या भिंतीला टेकून उभी होती. भरल्या दिवसांत मुक्कामाला जागा न मिळालेल्या प्रभूच्या आईची, मरियेची कथा आदल्याच रविवारी चर्चमध्ये वाचली, तेव्हा मी मधूनच उठून बाहेर आले होते. इथे ती पुन्हा माझ्यापुढे उभी होती, आणि उठून जायला जागा नव्हती.

आजीची नजर माझ्यावर येऊन थांबली. "तो मिस्तरी तुहा नवरा ना वं बाई?"

"हो."

"लेकरं?"

तोच प्रश्न. नेहमीचे उत्तर त्या दिवशी तोंडातून निघाले नाही. "एक होती. गेली," मी म्हणाले. असे मोठ्याने मी पहिल्यांदाच बोलले. आणि लगेच सुटका करून घ्यायला म्हटले, "तेव्हा माझा हात तुम्हाला चालायचा नाही."

"माहाबी गेला," आजी म्हणाली. "गेला म्हून का मी त्याची माय नाई? तूबी मायच हायेस. तूच बांध."

मग ती म्हणाली, पोटलीला कोरे कापड पाहिजे, पाणी न लागलेले. तिचे होते नव्हते ते पुरात गेले होते. "माझ्याकडे आहे," मी म्हणाले. हे मी कसे म्हटले, मला आजही सांगता येत नाही.

घरी येऊन पेटी उघडली. कापड अगदी मापाचे आणलेले होते. कातर चालेना, तेव्हा यजमानांनी दुसरे टोक धरले. वीतभर तुकडा निघाला आणि उरलेल्यातून आता तिचा परकर होणार नव्हता. तो कधीच होणार नव्हता. वर्षभर मी ते माझ्यापासून लपवून ठेवले होते. आम्ही दोघे पेटीपाशी बसून खूप रडलो.

दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढले तेव्हा मंडळीतली काही माणसे पाळकसाहेबांकडे पाहू लागली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "बांधा बाई. घर त्यांचं आहे." मी हळदकुंकू लावले, पोटलीची गाठ मारली, आणि मारता मारता मनात शब्द आले, प्रभू, ती तुझ्याकडेच आहे, मीच सोडत नव्हते. अबोला असा सुटला. खाली उतरले तर आजी म्हणाली, "पानी दे, बाई." आमच्याच मडक्यातले मी तिला दिले, आणि ती पिऊन सुनेचा हात धरून आत गेली.

नाताळच्या आधी त्या घरात मुलगा झाला. त्याला पाहून त्याची आई हसली नाही, रडली. दाखवायला बाप नव्हता. दुःख कुणाचेच गेले नाही, माझेही नाही. पण ते एकटीने उचलायचे नसते एवढे मला कळले, आणि ते कळावे म्हणून देवाने माझ्याहून रिकाम्या हातांची बाई माझ्यापुढे बसवली, यासाठी मी रोज त्याचे आभार मानते.

पोटलीचा रंग आता पार उडाला आहे. नवखी बाई भेटली की अजूनही विचारतेच, "लेकरं किती?"

"एक," मी सांगते.