‘नाय’ नावाचं लोणचं

आमच्या वहिनीचं करवंदाचं लोणचं चवीला बरं होतं. बरं म्हणजे बरंच, खोटं कशाला बोलू? टोकावड्यापासून माळशेज घाटापर्यंत घरोघरी तसंच असतं. वैशाखऱ्याच्या फाट्यावर भावाची चहाची टपरी आहे. तिथे ती बरण्या मांडायची आणि दिवसाकाठी एखादी खपायची.

मी कल्याणला एका छापखान्यात लेबलं बनवतो, त्यामुळे अंगात शहाणपणाची खाज. एका रविवारी टपरीवर बसलो होतो. घाटाकडे निघालेली एक बाई गाडीतून उतरली आणि वहिनीची उलटतपासणीच घ्यायला लागली.

“साखर घातलीय?”

“नाय.”

“रंग?”

“नाय.”

“टिकायला काही औषध?”

“नाय गो बाय! करवंद, मीठ, मिरची, तेल. बस.”

बाईने तीन बरण्या उचलल्या आणि माझी ट्यूब पेटली. पुढच्या रविवारी मी लेबलं छापूनच आणली. काळ्यावर पांढरा, ठसठशीत, एकच शब्द: नाय. खाली बारीक अक्षरात, ‘साखर नाय, रंग नाय, औषध नाय.’

वहिनीने बरणी फिरवून फिरवून बघितली. “भावजी, नाय बोलून कोन काय इकतो का?”

“तुम्ही बघत राहा,” मी म्हटलं.

आणि काय सांगू! लोणचं तेच, बरणी तीच, पण गाड्या थांबायला लागल्या. कुणी व्हिडिओ टाकला, तो फिरला. माळशेजला जाऊन ‘नाय’ न आणणारा माणूस म्हणजे धबधब्याला जाऊन कोरडा परत आलेला, अशी गत झाली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझा तर भरधाव सुटला होता. छापखान्यात मी कॉलर ताठ करून फिरायचो.

मग लोकांना लोणच्यासोबत वहिनीही हवी झाली. “वहिनी, एकदा म्हणा ना, नाय!” असं म्हणून फोन पुढे धरायचे. ती म्हणायची. ते खो खो हसायचे, त्यांची पोरं गाडीत बसेपर्यंत “नाय गो, नाय गो” करत तिची नक्कल करायची. मला वाटायचं, वा, फुकटात जाहिरात! एकदा तर मीच तिला शिकवलं, “वहिनी, जरा लांबवून म्हणा. नाऽऽय.”

हळूहळू ती मागे चुलीपाशीच राहायला लागली. गल्ल्यावर भाऊ. एका दुपारी टपरी रिकामी असताना तिने मला विचारलं, “भावजी, तुमी कल्यानला ‘नाय’ बोलता, का ‘नाही’?”

कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या ‘नाय’ला अख्खा वर्ग हसला होता. त्यानंतर महिनाभर मी आरशासमोर उभा राहून जीभ घासली. ते घरात कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

“‘नाही’ बोलतो,” मी म्हटलं.

“मंजे लोक हसतात, ते तुमाला ठावं होतं.”

आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, लेबल बदलतो, आजच बदलतो. तर तिनेच मोडता घातला. “ऱ्हाऊ द्या. पोरींची शाला हाय त्याच्यावर.” लेबल राहिलं. अजूनही आहे.

गेल्या रविवारी घरी जेवायला बसलो होतो. भाऊ टपरीवर, पोरी खेळायला गेलेल्या. मी विचारलं, “वहिनी, आमटी आहे का अजून?”

तिने पातेल्यात बघितलं. मग शाळेतल्या बाई शिकवतात तसं, एकेक अक्षर सांभाळून म्हणाली, “नाही. संपली.”

ऐकायला माझ्याशिवाय घरात कुणी नव्हतं. माझ्यासमोरसुद्धा तिला जीभ सांभाळावीशी वाटली. मी खाली मान घालून कोरडा भात खाल्ला. लाज वाटली, फार लाज वाटली.